खान्देशला रूळ मिळतात, मालधक्का मिळत नाही

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड–इंदूर हा 309 किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग मंजूर केला. खर्चाचा आकडा 18,036 कोटी रुपये. दोन महिन्यांनी जळगाव–मनमाड चौथ्या मार्गिकेला आणि भुसावळ–खंडवा तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला मंजुरी मिळाली. सुरतेजवळच्या उधन्याहून येणारा उधना–जळगाव मार्ग त्याआधीच दुहेरी झाला होता. 2020 च्या टाळेबंदीत थांबलेली पाचोरा–जामनेरची छोटी गाडी ब्रॉडगेज होऊन बोदवडपर्यंत जायची आहे. 1860 नंतरच्या दशकात आणि पुन्हा 1900 च्या आसपास खान्देशात रुळांचा हंगाम आला होता. हा तिसरा म्हणायचा.

आनंद आहेच. पण या मंजुऱ्यांवर आपल्याकडे जी चर्चा झाली ती दोनच गोष्टींभोवती फिरली: इंदूरला किती तासांत पोहोचणार आणि कोणत्या एक्स्प्रेसला कुठे थांबा मिळणार. तिसरी-चौथी मार्गिका टाकतात ती मुख्यतः मालगाड्यांची कोंडी फोडायला. कोळसा, सिमेंट, खत, पेट्रोल, कंटेनर यांच्या गाड्या खान्देशातून रात्रंदिवस जातात, पुढे आणखी जातील. त्यांतल्या किती खान्देशात भरल्या जातील, हे विचारताना मी कोणाला ऐकलं नाही. ज्या मार्गाला साईडिंग, म्हणजे माल भरा-उतरायला मुख्य रुळापासून फोडलेली बाजूची लाइन नाही, मालधक्का नाही आणि लहान मालवाल्याला तिथे उभं राहायची सोय नाही, तो मार्ग आपल्या शिवारातून जातो, एवढंच. अहिराणीत बोलायचं तर, गाडी रोज जास, माल काय चढस नही.

हे तपासायला कापूस किंवा केळी घेता आली असती. मी माती घेतो, कारण वाहतुकीची खरी परीक्षा मातीच घेते. कापसाच्या गाठीत पैसा दाटलेला असतो; ती बैलगाडीने नेली, उंटावर नेली तरी परवडायची. वीट, कौल, नळा, चिनी मातीची बरणी या वस्तू जड, स्वस्त आणि वर ठिसूळ. वाहतुकीचा खर्च थोडा वाढला की त्यांचा धंदा संपला. त्यामुळे जगात जिथे जिथे मातीकाम मोठं झालं, तिथे खाणीच्या तोंडाशी किंवा भट्टीच्या दाराशी पाणी नाहीतर रूळ पोहोचलेले दिसतात.

इंग्लंडात स्टॅफर्डशरची भांडी घोड्यांच्या पाठीवरून जायची आणि वाटेत फुटायची. जोसाया वेजवुड या कुंभाराने म्हणूनच ट्रेंट–मर्सी कालव्यासाठी जिवाचं रान केलं. 1766 ला सुरू झालेला तो कालवा 1777 ला पुरा झाला. डॉर्सेटमध्ये तर वाफेच्या गाडीच्या कितीतरी आधी, 1806 मध्येच, मातीच्या खाणीपासून बंदराकडे लोखंडी रुळांवरून घोडे गाडे ओढत होते. कॉर्नवॉलमधला लॉस्टविथिएल–फॉवी हा छोटा फाटा मला यांत सगळ्यांत बोलका वाटतो. त्यावरच्या प्रवासी गाड्या 1965 मध्ये बंद झाल्या. चिनी मातीच्या मालगाड्या मात्र चालू राहिल्या. माणसं बसने जातील, माती जाऊ शकत नाही, हे तिथल्या रेल्वेला कळलं. आपल्याकडे नेमकं उलट झालं.

आपल्या देशातली उदाहरणंही याच वळणाची आहेत. मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा पहिला कारखाना काढला. माती आणि जळाऊ लाकूड नदीतून होडीने येई, तयार कौलं गलबतात चढत. मंगळूरला रेल्वे पोहोचली 1907 मध्ये. तोवर समुद्रानेच साईडिंगचं काम केलं. कोझिकोडजवळच्या फेरोकला एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला रेल्वे, दोन्ही मिळाल्या. तिथे कौलांचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालले. सौराष्ट्रात थानगढ, वांकानेर, मोरबी या पट्ट्यात रेल्वे होती आणि माती होती. तिथल्या मातीकामाच्या कारखानदारीचा पाया घालणाऱ्यांत परशुराम गणपुले हा मराठी माणूस होता, हे आज मोरबीच्या टाइल्स घरात बसवणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? देशातल्या सिरॅमिक टाइल्सचा फार मोठा हिस्सा आज एकट्या मोरबीत बनतो. जबलपूरलाही बर्न कंपनीचं पॉटरीचं काम रेल्वेच्याच आधाराने उभं राहिलं. मातीकाम सोडा, किर्लोस्करवाडी 1910 मध्ये उभी राहिली ती कुंडल रोड स्टेशनाशेजारच्या माळावर, आणि ओगल्यांचा काचकारखानाही कऱ्हाडच्या स्टेशनालगतच. माळरान चाललं, काटेकुटे चालले, पण स्टेशन जवळ हवं हा त्या पिढीचा साधा हिशेब होता.

मग खान्देशात काय झालं? इथे तर रेल्वे यांतल्या बहुतेकांच्या आधी आली. 1863 च्या सुमारास जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी भुसावळपर्यंत पोहोचली होती. थळ घाटाचं, म्हणजे कसारा घाटाचं काम पुरं व्हायला 1865 उजाडलं, म्हणजे घाट व्हायच्या आधीच वरचे रूळ तयार होते. एवढी घाई कशासाठी, ते उघड आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, लँकेशरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खान्देशात कापूस होता. नंतर जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले ते स्टेशनांच्या अवतीभवती. 1900 मध्ये चाळीसगाव–धुळे फाटा झाला, त्याच सुमारास तापी खोऱ्यातून सुरतेचा मार्ग अमळनेरला आला, पुढे पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे पाचोरा–जामनेर. साऱ्यांच्या मुळाशी कापूस. रुळाने बाजारपेठांचा पत्ता कसा बदलला तेही खान्देशाने पाहिलंय. पारोळा, एरंडोल, चोपडा ही जुनी नावाजलेली गावं. रूळ त्यांना टाळून गेले आणि पेठ जळगावात वाढली. 1906 मध्ये खान्देशाचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खान्देशाचं ठाणं जळगावला गेलं, त्यात रेल्वेचा वाटा होताच.

वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, कापूस भरून जायच्या. येताना त्या जे काही आणत, त्यात मंगलोरी कौलंही होती. गलबताने मुंबई बंदरात, तिथून वाघिणीत, कसारा-इगतपुरी चढून आपल्या मालधक्क्यावर. जुन्या घराचं एखादं मंगलोरी कौल उतरवलंत तर पालथं करून बघा. पोटाला कारखान्याचं नाव आणि गाव ठशाने उठवलेलं असतं, वर दोन खाचा असतात, खाली रिफाला अडकवायचे दोन दात. वजन साधारण अडीच किलो. जुनी चारचाकी वाघीण वीस-बावीस टनांची. म्हणजे एका वाघिणीत आठ-साडेआठ हजार कौलं. चौरस मीटरला पंधरा कौलं धरली तर गावातल्या आठ-दहा बेताच्या घरांची छपरं एका डब्यातून उतरायची. कौलांचा व्यापारी एकच वाघीण मागवू शकत होता. गावाला एका वेळी तेवढीच कौलं लागत. उद्योगाचं माप आणि वाघिणीचं माप जुळलेलं होतं.

अर्थात ही कौलं आली ती कोणाच्या तरी पोटावर पाय देऊनच. आपल्याकडचा कुंभार चाकावर नळा काढून तो उभा चिरायचा आणि त्याची दोन अर्धगोल कौलं करायचा. ही कौलं दर पावसाळ्याआधी चाळावी लागत, माकडं उड्या मारून फोडत. एरवी तापी-गिरणेच्या पट्ट्यात धाब्याचीच घरं जास्त: सागाच्या तुळया, त्यावर फळ्या नाहीतर काटक्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात त्या धाब्याखाली जो गारवा असे तो सिमेंटच्या स्लॅबखाली कूलर लावूनही येत नाही, हे आमच्याकडे कोणीही सांगेल. पण धाबं गळायचं, दरसाल माती टाकावी लागायची. मंगलोरी कौल एकदा चढवलं की पिढीभर बघायला नको. रेल्वेने स्वतःच्या चाळींवर, शेडींवर तेच चढवलं आणि मग सुखवस्तू घरांवर ते गेलं. कुंभाराचं कौल हरलं ते मुख्यतः या मालधक्क्यावर. म्हणून साईडिंगचा इतिहास सांगताना मला गहिवर येत नाही. साईडिंग ज्याच्या दाराशी असते त्याला ती मोठं करते, आणि समोरच्याला बसवते. थानगढात ती मातीच्या बाजूने उभी होती. खान्देशात ती कापसाच्या बाजूने उभी राहिली आणि मातीच्या विरुद्ध.

यावर कोणी म्हणेल, खान्देशात कौलांची माती होतीच कुठे? मुद्दा खरा आहे. आपली काळी कसदार जमीन कापसाला सोनं, भट्टीला शाप. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि तडकते. तिची वीट उन्हातच भेगाळते. भट्ट्या चालतात त्या नदीकाठच्या गाळावर, पोयट्यावर. तापी, गिरणा, पांझरा, वाघूर यांच्या काठांनी हा गाळ भरपूर आहे. विटेला तो पुरतो. दाबून केलेल्या बारीक कौलाला तो पुरला असता का, त्यात दुसरी माती मिसळून भागलं असतं का, हे प्रयोग करून बघायला भांडवल लागतं, कोळसा लागतो आणि भट्टीच्या दाराशी वाघीण लागते. त्या तिन्ही गोष्टी खान्देशात जिनिंगवाल्याला मिळाल्या. नदीकाठचा कुंभार आणि वीटवाला गाढवं घेऊन पंचक्रोशीत फिरत राहिला. माती हे एक कारण असेल. एकमेव कारण आहे असं मी मानत नाही.

दुसरं प्रकरण 1980 च्या दशकातलं आहे, आणि ते फक्त मातीचं नाही. तोवर एका वाघिणीचा माल रेल्वे घेत असे. तुम्ही स्टेशनात जाऊन मागणी नोंदवायची, भाडं भरायचं, माल भरला की आर.आर., म्हणजे रेल्वेची मालाची पावती, हातात पडायची. मग फिरती मालगाडी येई, तो डबा उचलून भुसावळच्या यार्डात नेई, तिथे शंटिंग, म्हणजे डब्यांची ढकलाढकल आणि जोडणी होऊन तो त्या त्या दिशेच्या गाडीला लागे. या पद्धतीत दोष ढीगभर होते. डबा कुठे पडून आहे हे कोणाला सांगता येत नसे. चोऱ्या होत, माल फुटे, नुकसानभरपाईच्या अर्जांचे ढीग साचत. भुसावळसारख्या यार्डात एकेक वाघीण दिवस-दिवस अडकून राही. रेल्वेने उपाय काढला: सुट्या वाघिणी बंद, एका ठिकाणी भरलेली अख्खी गाडी थेट दुसऱ्या ठिकाणी. त्या गाडीला रेक म्हणतात. रेल्वेच्या बाजूने बघितलं तर निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. इंजिन, डबे, माणसं सगळ्यांचं काम वाढलं, टनभार वाढला.

पण बंद डब्यांचा एक रेक म्हणजे साधारण 42 वाघिणी, अडीच हजार टनांहून अधिक माल. तीन किलोची वीट धरली तर आठ लाखांहून जास्त विटा. एकाच दिवशी, एकाच धक्क्यावर, एकाच नावावर, आणि भरायला मोजके तास. उशीर झाला की डेमरेज, म्हणजे डबे अडवून ठेवल्याचा दंड. विटांचं सोडा, जळगावची एखादी डाळ मिल अडीच हजार टन डाळ एका गावाला एका दिवशी पाठवते का? चटईवाला पाठवतो का? नंदुरबार-दोंडाईच्याचा मिरचीवाला पाठवतो का? रेकच्या मापात बसणारे मोजकेच: वीज केंद्र, सिमेंट कंपनी, खत कंपनी, अन्न महामंडळ. बाकीच्यांनी मुकाट्याने ट्रक धरला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातल्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा 85 टक्क्यांच्या वर होता. अलीकडे तो 27 टक्क्यांच्या आसपास आला, आणि राष्ट्रीय रेल्वे योजनेला तो 2030 पर्यंत 45 वर न्यायचा आहे. कोळशाच्या जोरावर तो तिथे पोहोचणार नाही. जो माल गेला तो लहान लोकांचा होता, परत आणायचा तर त्यांच्याचकडे जावं लागेल.

त्या काळानंतर मधल्या स्टेशनांचं काय झालं ते डोळ्यांनी दिसतं. मुख्य रुळापासून फुटलेली एक लाइन गवतात शिरते, शेवटी जुने स्लीपर आडवे टाकून केलेला अडसर. दगडी धक्का वाघिणीच्या दाराच्या उंचीचा, त्याच्या कडेला लोखंडी चाकांनी घासून गुळगुळीत झालेली फरशी. शेडीवरची कौलं निम्मी गेलेली. (जुनी मंगलोरी कौलं हल्ली रिसॉर्टवाले शोधत फिरतात म्हणे. तीही ट्रकनेच जात असणार.) पुढे लाइन उखडली जाते, ती मुख्य रुळाला जोडणारा सांधा काढला जातो आणि स्टेशनाचं हॉल्ट, म्हणजे नुसता प्रवासी थांबा होतो. एकदा सांधा निघाला की तो परत बसवायला किती सह्या लागतात, ते रेल्वेत काम केलेल्या कोणालाही विचारा.

आता रेल्वेचा नेहमीचा प्रतिवाद: तुम्हाला ती फिरती मालगाडी आणि यार्डातलं शंटिंग परत हवंय का? नाही. तो काळ गेला आणि बरं झालं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्या चारचाकी वाघिणीत जेवढा माल मावायचा, साधारण तेवढाच आजच्या वीस फुटी कंटेनरात मावतो. म्हणजे एका लहान व्यापाऱ्याचं माप रेल्वेकडे आजही आहे, फक्त त्याला चाकं नाहीत. डबा यार्डात ढकलत बसण्याऐवजी कंटेनर उचलून ठेवायचा, रेक कंटेनरांचा करायचा, आणि त्यातले दहा डाळीचे, सहा पाइपचे, चार चटईचे, दोन मिरचीचे असायला हरकत कसली? शंटिंग लागत नाही. लागते ती उचलायची जागा, तालुक्याच्या अंतरावर, आणि सगळ्यांचा माल एकत्र करून रेक भरणारा कोणीतरी.

हे खान्देशाला नवीन नाही. केळीने हे करून दाखवलंय. रावेर, सावदा या स्टेशनांवरून दिल्लीकडे केळीच्या गाड्या भरल्या गेल्या त्या काही एखाद्या हजार एकरवाल्या जमीनदाराच्या नव्हत्या. दोन एकर, पाच एकर, दहा एकरवाले शेतकरी. त्यांचा माल फळबागायतदारांच्या संस्थांनी गोळा करायचा, वाघिणींची मागणी एकत्र नोंदवायची, आणि घड उतरल्यापासून गाडी सुटेपर्यंतचे तास सांभाळायचे. केळी तर मातीहून नाजूक, उशीर झाला की पिकते. ती जर जमली तर डाळ आणि पाइप का जमू नयेत? 2020 मध्ये किसान रेल सुरू झाली तेव्हा भाड्यात निम्मी सवलत होती आणि लोकांनी तिला प्रतिसादही दिला. सवलतीवर चालणारी गाडी सवलतीबरोबर आटते, हा त्यातला धडा. धक्का कायमचा असतो.

2021 च्या अखेरीस रेल्वेने गतिशक्ती कार्गो टर्मिनलचं धोरण आणलं. खाजगी उद्योजकाला स्वतःच्या किंवा रेल्वेच्या जमिनीवर टर्मिनल बांधता येतं. पूर्वी खाजगी साईडिंगवाल्यावर बसणारे कितीतरी खर्च त्यात रेल्वेने सोडून दिले. पुढच्या वर्षी रेल्वेच्या जमिनीचं भाडं वर्षाला बाजारभावाच्या दीड टक्का आणि मुदत 35 वर्षांपर्यंत अशी सूटही मिळाली. धोरण चांगलं आहे. पण कोट्यवधींचं भांडवल आणि स्वतःचा हमखास माल असलेल्याच्याच हाती ते लागतं. सिमेंट कंपनी टर्मिनल बांधेल आणि शेजारच्या डाळवाल्याला तिथे उभं करणार नाही. तिने तरी का करावं? खान्देशात हे काम एमआयडीसीने, बाजार समितीने किंवा सहकारी संघाने अंगावर घ्यायला हवं, आणि राज्य सरकारने त्यात भागभांडवल टाकायला हवं. राज्य सरकार नव्या मार्गांच्या खर्चात वाटा उचलायला तयार होतं, मग मार्गावर माल कुठून चढणार, हा प्रश्न विचारायचा हक्क त्याला आपोआप मिळतो.

मातीकडे परत येतो, कारण तिच्यात एक गंमत घडली आहे. खान्देशची नवी माती रेल्वेनेच येते. भुसावळजवळ दीपनगरला 1968 पासून औष्णिक वीज केंद्र आहे. त्याच्या साईडिंगवर कोळशाच्या गाड्या उतरतात. आपल्या देशी कोळशात तीस-चाळीस टक्के राख. म्हणजे तीन वाघिणी कोळसा उतरला की एक वाघीण राख मागे राहिली. केंद्राच्या 1999 च्या अधिसूचनेने वीज केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत किमान 25 टक्के राख मिसळणं बंधनकारक केलं. पुढे ही हद्द 2003 मध्ये 100 आणि 2016 मध्ये 300 किलोमीटर झाली, म्हणजे साक्री-नवापूरपर्यंत सगळा खान्देश आत आला. आणि काळ्या मातीचा जो जुना दोष, फुगण्या-तडकण्याचा, तो राख मिसळली की बराच आटोक्यात येतो. ज्या मातीने कौलाचा कारखाना होऊ दिला नाही असं आपण म्हणतो, तिच्यावरचा उतारा आपल्याच जिल्ह्यात डोंगरासारखा साठलाय.

ती राख पश्चिमेकडच्या भट्ट्यांपर्यंत जाते का? दीपनगरच्या आसपासच्या वीटवाल्यांना ती ट्रकने मिळते, ते ठीक आहे. पन्नास-साठ किलोमीटरवर रेल्वे ट्रकला हरवू शकत नाही, तयार वीट तर मी रेल्वेने पाठवा असं म्हणणारच नाही; चढवताना आणि उतरवताना दोनदा फुटेल. पण राख म्हणजे भुकटी, आणि भुसावळहून नंदुरबार हे अंतर मोठं. कोळशाचे उघडे डबे खाणीकडे परत जाताना रिकामेच जातात. 2020 मध्ये रेल्वेने उघड्या डब्यांतून नेल्या जाणाऱ्या राखेच्या भाड्यात 40 टक्के सवलत जाहीर केली, आणि त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या रिहंद वीज केंद्राने रेक भरून राख सिमेंट कारखान्याकडे पाठवली. तिथेही माप रेकचंच आणि घेणारी कंपनीच. नंदुरबारच्या वीटवाल्याला अर्धा रेक, पाव रेक राख हवी असेल तर ती उतरवणार कोण, ठेवणार कुठे, आणि उन्हाळ्याच्या वाऱ्यात ती अख्ख्या गावावर उडू नये म्हणून झाकणार कशी? झाकलेला धक्का आणि बाजूला बंदिस्त साठवण हवी. ती नसेल तर राख रेल्वेने आणू नये, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणेन. गावकऱ्यांच्या फुप्फुसांच्या बदल्यात विटा नकोत.

हे सगळं आत्ताच बोलायचं कारण नकाशे. स्टेशनाचा आराखडा एकदा पक्का झाला की त्यात लाइन घुसवणं महाग पडतं. पाचोरा–जामनेर ब्रॉडगेज होताना मधल्या किती स्टेशनांना लूप, म्हणजे गाडी बाजूला घ्यायची लाइन, आणि मालाची लाइन मिळणार आणि किती नुसते हॉल्ट होणार, हे आराखड्यात ठरतं. विजेच्या तारांचंही तसंच. मालाच्या लाइनवर सरसकट तार ओढली की उघड्या डब्यात वरून जेसीबीने माल टाकता येत नाही, क्रेनने कंटेनर उचलता येत नाही. तेवढा पट्टा तारेविना ठेवायचा असतो आणि डबे तिथे डिझेल इंजिनाने ढकलायचे असतात. या गोष्टी फलकावर छापण्यासारख्या नाहीत, पण उद्या माल चढणार की नाही ते त्याच ठरवतात.

सगळ्यांत कळीचं ठिकाण नरडाणा. उधना–जळगाव मार्गावरचं हे स्टेशन, शेजारी एमआयडीसी, आणि धुळ्याकडून येणारा नवा मार्ग इथेच मिळणार. सुरत, इंदूर, मनमाड, भुसावळ या चारही दिशांना इथून माल जाऊ शकेल. खान्देशातल्या सामायिक मालधक्क्यासाठी याहून चांगली जागा मला दिसत नाही. अडचण कारभाराची आहे. नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव ही स्टेशनं पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात. धुळे, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ ही मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात. धक्का पश्चिम रेल्वेच्या हद्दीत आणि त्याकडे येणारा नवा मार्ग मध्य रेल्वेचा, असं झालं की दोघेही समोरच्याकडे बोट दाखवायला मोकळे. दोन्ही विभागांच्या रेल्वे प्रवासी सल्लागार समित्यांवर खान्देशातली माणसं असतात, तिन्ही जिल्ह्यांचे खासदार दिल्लीत असतात. या समित्यांच्या पुढच्या बैठकीत थांब्यांची यादी खिशात ठेवून पहिला अर्ज नरडाण्याच्या यार्डाच्या मंजूर नकाशाची प्रत मागणारा जावा. त्यावर मालाच्या लाइन किती, धक्का किती लांबीचा, कोणता पट्टा तारेविना आणि तो धक्का कोणत्या विभागाच्या हिशेबात, एवढं वाचून झालं की मग वाद घालायला काही हातात असेल.